मीठ देणारा सेनापती

शत्रू ताकेदा शिंगेनची मीठकोंडी झाली, तेव्हा उएसुगी केनशिनने त्याच्या मुलखात मीठ जाऊ दिलं, अशी जपानी आख्यायिका आहे. १५७८ मध्ये मोहिमेच्या तयारीत असताना हाच केनशिन शौचालयात कोसळला आणि काही दिवसांत गेला. तो मेंदूतला रक्तस्राव असावा, असं अनेक अभ्यासक मानतात.

पुढे १९५१ ते १९८० पर्यंत मेंदूचा झटका हे जपानमधल्या मृत्यूचं पहिलं कारण होतं. आकिता भागात लोणची, मिसो, खारवलेले मासे खाऊन माणशी रोज पंचवीस ग्रॅमच्या आसपास मीठ पोटात जाई. रक्तदाब वाढणारच!

दाखल्यांवर बहुतेकदा ‘रक्तस्राव’ लिहिलेलं असे. १९६१ मध्ये क्युशू विद्यापीठाने हिसायामा गावात अभ्यास सुरू केला. शवविच्छेदनांतून दिसलं, की रक्तवाहिनी तुंबून आलेले झटकेच जास्त होते.

हा फरक जीवनमरणाचा आहे. गुठळी विरघळवणारं औषध रक्तस्रावात घातक ठरतं. म्हणून आधी स्कॅन. जपानने २००५ मध्ये हे औषध मंजूर केलं, तेही पाश्चात्त्यांपेक्षा कमी मात्रेत.

शत्रू ओळखल्याशिवाय गोळी नाही, हे आम्ही फौजेत शिकलो. तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, तर घड्याळ बघा आणि रुग्णालय गाठा. हाती जेमतेम साडेचार तास असतात. जय हिंद.