मिठागरांची जागा खरोखर मोकळी आहे काय?

मुंबईत घरांसाठी जागा कमी पडू लागली की दृष्टी मिठागरांकडे वळते. कांजूरमार्ग, भांडुप, मुलुंड येथील अनेक आगरांत मीठ पिकवणे थांबले आहे. धारावी पुनर्विकासातील घरांसाठी यांपैकी सुमारे २५५ एकर जमीन घेण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये घेतला. उद्योग बंद पडला, जागा मोकळी झाली, असा हा सरळ हिशेब आहे. परंतु मिठागर हा उद्योग ऊन, वारा आणि भरतीच्या पाण्यावर चालतो. आगरवाला निघून गेला तरी ही तिन्ही तेथून जात नाहीत.

उधाणाचे पाणी उघाडीतून आत घ्यायचे, बांधांनी आखलेल्या उथळ खाचरांतून पुढे सरकवायचे आणि ते आटेल तसा खारटपणा वाढू द्यायचा, अशी मीठ पिकवण्याची रीत. प्रत्येक टप्प्यावर शेवाळ आणि सूक्ष्म जीव निराळे, म्हणून त्यांवर जगणारे पक्षीही निराळे. शेकाट्या, चिखल्या, टिलवा हे ओहोटीच्या वेळी ठाणे खाडीच्या चिखलावर चरतात. भरतीने चिखल बुडाला की त्यांना बोटभर पाण्याची, चहूकडे नजर पोचेल अशी उघडी जागा लागते. ती त्यांना मिठागरांत मिळते. खाडीला २०१५ मध्ये रोहित पक्ष्यांचे अभयारण्य म्हणून व २०२२ मध्ये रामसर स्थळ म्हणून मान्यता मिळाली. पण भरतीच्या त्या काही तासांचा आसरा अभयारण्याच्या रेषेबाहेरही असू शकतो.

कायदा येथे फारसा उपयोगी पडत नाही. रामसर कराराच्या वर्गीकरणात मिठागरे मानवनिर्मित पाणथळ जागांत मोडतात. आपल्या २०१७ च्या पाणथळ जागाविषयक नियमांनी मात्र मीठ पिकवण्यासाठी बांधलेली जलस्थाने व्याख्येतूनच वगळली आहेत. मीठ पिकत नसतानाही ही सबब टिकावी, हे विचित्रच.

पूर्व द्रुतगती मार्गामुळे या जमिनींचा समुद्राशी संबंध तुटला आहे, असा युक्तिवाद प्रकल्पाच्या बाजूने झाला. काही तुकड्यांबाबत तो खराही असेल. बांध फुटून किंवा उघाडी बुजून पाणी तुटले की खाचरे गवताने, झुडपांनी भरतात आणि पाणपक्षी निघून जातात. म्हणूनच प्रत्येक तुकड्याची पाहणी स्वतंत्र हवी. तीही ऑक्टोबर ते मे या काळात अनेकदा आणि भर भरतीच्या वेळी. ओहोटीला गेलेल्या पाहणी पथकाला मिठागर रिकामेच दिसणार!

सॅन फ्रान्सिस्को उपसागरात २००३ मध्ये सुमारे १५ हजार एकर मिठागरे सरकारी संस्थांनी निसर्गासाठी ताब्यात घेतली. तेथे सगळी खाचरे भरतीला मोकळी केली नाहीत. काहींत बांध आणि दारे राखून पाण्याची पातळी पक्ष्यांच्या सोयीने ठेवण्याची योजना आखली गेली. मुंबईला एवढी चैन परवडणार नाही. तरीही जेथे पाणी अजून येते, असे खाडीलगतचे तुकडे वगळणे, इमारती व उंच झाडे त्यांपासून दूर ठेवणे, रात्रीचे प्रखर दिवे खाडीकडे न रोखणे आणि भरावाची कामे हिवाळी पाहुणे परतल्यावर करणे अशक्य नाही. भराव पडला की पावसाचे पाणी कोठे जाईल, हा प्रश्न तर २६ जुलै २००५ पाहिलेल्या शहराला समजावून सांगायला नको.

राखलेल्या तुकड्यांना नुसते कुंपण पुरणार नाही. उधाणाला उघाडी उघडणारा, पावसाळ्यानंतर बांध लिंपणारा माणूस लागेल. ही विद्या येथील आगरी समाजाकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे. तिच्या मजुरीची तरतूद प्रकल्पाच्या अंदाजपत्रकातच करावी लागेल.