पडद्याआडचे टेबल

नांदेड-लातूरकडे चहाफराळाच्या दुकानासही 'हॉटेल' म्हणण्याची रीत जुनी आहे. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामी राजवट संपली, १ मे १९६० रोजी मराठवाड्यासह महाराष्ट्र राज्य झाले. पण हॉटेलातील 'फॅमिली रूम'चा पडदा पुढेही कैक वर्षे लोंबत राहिला. चुरमुऱ्यांचा सुशीला, भजी खाता खाता आम्ही मुले त्या पडद्याच्या आतबाहेर धावत असू. आमच्या आया मात्र भिंतीकडे तोंड करून लवकर आटोपत. आज याच शहरांत कुटुंबे उघड्यावर, सर्वांदेखत बसून बर्गर खातात. त्या पावाला नाके मुरडत आम्ही जुन्या चवीसाठी हळहळतो. ही हळहळ आतबाहेर करू शकणाऱ्यांची आहे, हे विसरू नये. आयांना विचारावे, तर त्यांना चवीआधी आठवतो तो पडदा.