जांभळा रंग आणि नगरचा गांजा: कस कशावरून ठरत असे?

#थ्रेड #इतिहास

१/ मुळशी तालुक्यातील मारुंजी हे आज हिंजवडीच्या माहिती-तंत्रज्ञान नगरीचे शेजारगाव आहे. या मुळशी-मावळ पट्ट्याची जुनी ओळख मात्र आंबेमोहोर तांदळाची. जाणता माणूस हा तांदूळ रंगावरून नव्हे, वासावरून ओळखत असे. पिढीजात वाणाची पारख नेमकी कशावरून करायची, हाच या थ्रेडचा प्रश्न आहे. पीक मात्र वेगळे आहे: गांजा.

२/ समाजमाध्यमांवर जांभळ्या फुलोऱ्यांची छायाचित्रे फिरतात आणि त्यांसोबत एक समजही फिरतो: जुने, अस्सल वाण जांभळे असते आणि रंग जितका गडद तितकी नशा तीव्र. मारुंजीपासून शंभर-सव्वाशे किलोमीटरवरच्या नगर जिल्ह्यात एकेकाळी गांजा उघडपणे पिकत होता आणि सरकारला त्यातून महसूल मिळत होता. त्या काळी त्याचा कस कसा ठरत असे?

३/ आधी शब्द नीट लावून घेऊ. झाड एकच, पण त्याचे पदार्थ तीन. पानांपासून होते ती भांग. मादी झाडाचे राळेने चिकट झालेले फुलोरे म्हणजे गांजा. आणि ती राळच वेगळी काढली की चरस. या तीन शब्दांतच कसाची पहिली पायरी दडलेली आहे. लोकांनी भेद केला तो झाडाच्या भागावरून आणि राळेच्या प्रमाणावरून.

४/ पश्चिम किनाऱ्यावरचा एक जुना छापील पुरावा गोव्यातला आहे. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याने १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या संवादरूप ग्रंथात 'बांग'वर स्वतंत्र संवाद लिहिला. याच ओर्ताकडे मुंबई बेटाचा पट्टाही होता. तो वर्णन करतो ते मिश्रणाचे: पानांची पूड, सुपारी, साखर, कधी अफू, कधी जायफळ-जायपत्री.

५/ ओर्ता एक किस्सा सांगतो. गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने मार्तिम अफोन्सो द सोझा या पोर्तुगीज सरदाराला सांगितले होते, की रात्री पोर्तुगाल, ब्राझील, तुर्कस्तान, अरबस्तान वा इराण पाहावेसे वाटले, तर तो थोडी बांग घेई. सुलतानाचा हा प्रवास साध्या पानांच्या मिश्रणावर चालत असे. ओर्ताच्या वर्णनात नशेची तीव्रता येते ती त्यात काय मिसळले आहे यावरून.

६/ पुढे युरोपीय वनस्पतिशास्त्र आले. लिनियसने १७५३ मध्ये 'कॅनाबिस सटायव्हा' हे नाव दिले. १७८५ मध्ये लामार्कने भारतातून आलेल्या नमुन्यांवरून 'कॅनाबिस इंडिका' ही वेगळी जात मांडली. त्याचे निकष होते खोड, पाने आणि झाडाचा मादक गुण. रंगावरून त्याने जात पाडली नाही.

७/ एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्यातील गांजा येई तो मुख्यतः अहमदनगर (आजचे अहिल्यानगर), सातारा आणि खानदेश या भागांतून. शेजारच्या मध्य प्रांतात सरकारने लागवड निमाड जिल्ह्यातील खंडवा तहसिलीपुरती मर्यादित केली होती. नागपूर-वर्ध्याकडच्या मराठी मुलखात जाई तो हा खंडव्याचा माल.

८/ १८९३ मध्ये ब्रिटिश संसदेत या पदार्थांवर प्रश्न उपस्थित झाला आणि 'इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन' नेमले गेले. अध्यक्ष होते मॅकवर्थ यंग. सात सदस्यांत तीन भारतीय होते. साक्षीदारांना सत्तर प्रश्नांची यादी पाठवली गेली आणि एकूण १,१९३ साक्षी नोंदल्या गेल्या. संपूर्ण बंदी नको, कर आणि नियंत्रण हवे, असा बहुमताचा निष्कर्ष निघाला. दोन भारतीय सदस्यांनी वेगळे मत नोंदवले.

९/ इतिहासाच्या दृष्टीने मात्र निष्कर्षाहून मोलाची आहे ती लागवडीची माहिती. गांजाचे पीक इतर पिकांहून वेगळे होते, कारण त्यात बी धरू द्यायचे नसे. नर झाडे फुलण्याआधी हुडकून उपटून टाकावी लागत. परागकण न मिळालेल्या मादी झाडाची शक्ती बियांत जात नाही, फुलोरा वाढत राहतो आणि राळ साठत जाते.

१०/ हे काम डोळ्यांचे आणि अनुभवाचे होते. कोवळ्या वयात नर-मादी सारखेच दिसतात. बंगालमधील नौगाव (आज बांगलादेशात) हे गांजाचे मोठे केंद्र होते. तिथे या पारखीसाठी 'पोद्दार' नावाचे खास जाणकार असत आणि इंग्रज अधिकारी त्यांना 'गांजा डॉक्टर' म्हणत. एखादे नर झाड नजरेतून सुटले तरी आसपासचे पीक बियाळ होण्याची भीती असे.

११/ १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियात बिनबियांच्या फुलोऱ्याला 'सिनसेमिया' हे स्पॅनिश नाव मिळाले आणि तो नवा शोध असल्यासारखा मिरवला गेला. भारतातील शेतकऱ्याला ही गोष्ट त्याआधी किमान शतकभर ठाऊक होती. त्याने तिला चमकदार नाव दिले नाही, एवढेच.

१२/ कापणीनंतरचा टप्पा मळणीसारखा होता. फुलोरे पसरून पायांनी तुडवत, त्यामुळे राळ एकजीव होऊन माल चपटा बसे. मुंबई इलाख्यातील आणि खंडव्याचा गांजा असा चपटा असे. बंगालमध्ये चपटा, गोल आणि चूर असे तीन प्रकार होते. चपट्यात काड्या जास्त, गोलात कमी, चुरात नाममात्र.

१३/ आता करपद्धती पाहा. बंगाल सरकारचा कर चपट्यावर सर्वांत कमी, गोलावर अधिक आणि चुरावर सर्वाधिक होता. म्हणजे शेरभर मालात काडी किती आणि फूल किती, यावर सरकारने कसाची पायरी ठरवली होती. पैशाचा प्रश्न आला की माणूस नेमके काय मोजतो, हे अशा दरपत्रकातून कळते. त्या दरपत्रकात रंगाला रकाना नव्हता.

१४/ औषधाच्या व्यापारातही हेच दिसते. ब्रिटिश औषधसंहितेतील 'कॅनाबिस इंडिका' म्हणजे भारतात वाढलेल्या मादी झाडाचे असे फुलोरे, ज्यांतून राळ काढून घेतलेली नाही. वर्णन होते मळकट हिरव्या, चिकट गठ्ठ्यांचे. औषधासाठी अट होती राळेची.

१५/ दुसरा निकष काळाचा. साठवलेला गांजा हळूहळू निकामी होतो, हे व्यापारी आणि अबकारी खाते दोघेही जाणत. १८९६ मध्ये केंब्रिजच्या वुड, स्पिव्ही आणि ईस्टरफील्ड या रसायनतज्ज्ञांनी भारतीय चरसातून एक द्रव्य काढले. पुढे त्याला 'कॅनाबिनॉल' हे नाव रूढ झाले. ते मुख्य मादक द्रव्य नव्हते. माल जुना होताना मूळ द्रव्य बदलून जे उरते, ते हे होते.

१६/ मूळ द्रव्य टीएचसी शुद्ध स्वरूपात हाती आले ते १९६४ मध्ये, इस्रायलच्या गाओनी आणि मेशुलम यांच्या प्रयोगशाळेत. ते तयार होते फुलोऱ्यावरील सूक्ष्म ग्रंथींत आणि राहते राळेत. तेलकट असल्याने ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. नर झाडे उपटणारा आणि फुलोरे जपणारा शेतकरी नकळत याच ग्रंथींची राखण करत होता.

१७/ मग जांभळा रंग येतो कुठून? तो 'अँथोसायनिन' या रंगद्रव्यांचा. ती पाण्यात विरघळतात आणि पेशींमधील रसात राहतात. कोकमाचा लाल आणि जांभळाचा जांभळा रंग याच कुळातला. म्हणजे रंग पेशीच्या रसात, नशा राळेत. दोघांची घरे वेगळी, आणि ते तयार होण्याच्या वाटाही वेगळ्या.

१८/ याचे घरगुती उदाहरण अंबाडीचे. लिनियसच्या पद्धतीत अंबाडीचे नाव 'हिबिस्कस कॅनाबिनस', म्हणजे भांगेसारखी दिसणारी. पानांच्या साम्यावरून पडलेले नाव. अंबाडीच्या काही वाणांचे देठ लालसर-जांभळे असतात, काहींचे हिरवे. लाल देठाची भाजी खाऊन कोणाला नशा चढल्याचे ऐकिवात नाही.

१९/ भांगेच्या काही वाणांत जांभळेपणाची आनुवंशिक क्षमता असते. हंगामाच्या शेवटी रात्री थंड झाल्या, हिरवे हरितद्रव्य ओसरू लागले, की तो रंग उठून दिसतो. असे झाड तीव्र असू शकते, तसेच अगदी सौम्यही. रंगावरून कोणतीच बाजू सिद्ध होत नाही.

२०/ समज पसरला तो नावांच्या बाजारातून. जिमी हेंड्रिक्सचे 'पर्पल हेझ' हे गाणे १९६७ चे. पुढे तेच नाव घेऊन वाण विकले गेले आणि त्यामागून 'पर्पल' हा शब्द लावलेली नावांची रांगच लागली. छायाचित्रात राळेचे प्रमाण दिसत नाही, रंग लगेच दिसतो. बेकायदा बाजारात ग्राहकाच्या हाती दुसरी कसोटीही नसते.

२१/ दरम्यान इथली परंपरा तुटत गेली. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा, १९६१ चा आंतरराष्ट्रीय करार आणि अखेर १९८५ चा एनडीपीएस कायदा. बी राखणारा, नर झाड ओळखणारा, माल तुडवणारा माणूस कागदावरून पुसला गेला. म्हणून 'हे आजोबांच्या काळचे वाण' या दाव्याला बियाण्याच्या वंशावळीचा पुरावा लागतो. जांभळी छटा ही वंशावळ नव्हे.

२२/ आजचा कायदाही रंग ओळखत नाही. त्याच्या लेखी गांजा म्हणजे फुलोरे. फुलोऱ्यांसोबत नसलेली पाने आणि बी त्या व्याख्येतून वगळली आहेत. १ किलोपर्यंत अल्प प्रमाण, २० किलोंच्या वर व्यापारी प्रमाण, आणि लागवडीला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी. जांभळ्या मालाला ना सूट, ना वेगळे कलम.

२३/ इथे एक विलक्षण सातत्य दिसते. पान वेगळे आणि फुलोरा वेगळा, हा भेद शेतकऱ्यांनी आणि साध्या ग्राहकांनी केला होता. तोच इंग्रजांच्या दरपत्रकात गेला आणि तोच १९८५ च्या कायद्यात टिकला. शेतकऱ्याची परंपरा मोडणाऱ्या कायद्याने त्याची व्याख्या मात्र सांभाळली आहे.

२४/ जुन्या वाणांचा इतिहास लिहायचा, तर त्या पिकाशी ज्यांचे पोट बांधलेले होते, ते नेमके काय पाहत होते, हे शोधावे लागते. मुळशीतला माणूस आंबेमोहोराचा वास घेई. नगरचा शेतकरी शेतात नर झाड शोधे आणि राळ बोटांना किती चिकटते ते पाही. जांभळ्या रंगाकडे पाहण्याची गरज त्याला पडली नाही.

॥ थ्रेड समाप्त ॥