अर्ध्या शक्तीचा नियम

बळ कमावताना शरीराला किती ताणावे, याचे उत्तर आयुर्वेदाने फार पूर्वी दिले आहे. सुश्रुत आणि वाग्भट या दोन्ही प्राचीन आयुर्वेदाचार्यांनी अर्ध्या शक्तीनेच व्यायाम करावा असे सांगितले. ही मर्यादा ओळखण्याच्या खुणा अंगावरच उमटतात. कपाळ, नाक, काखा आणि सांध्यांना घाम सुटतो, तोंडाला कोरड पडते, श्वास तोंडाने घ्यावा लागतो. तिथे थांबायचे. थंडीत आणि वसंतात बलवानाने या मर्यादेपर्यंत जावे, इतर ऋतूंत त्याहून कमी. अति व्यायाम करणाऱ्याला वाग्भटाने हत्तीला ओढायला जाऊन स्वतःच नाश पावणाऱ्या सिंहाची उपमा दिली आहे.

महाराष्ट्रात बळाची जोपासना तालमीत झाली. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाला ऊर्जितावस्था आणली. कोल्हापुरात शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला आणि 1912 मध्ये खासबाग मैदान उभे राहिले. तालमीत शरीराची काळजी मातीपासूनच सुरू होते. हौदातल्या तांबड्या मातीत ताक, तेल, हळद, लिंबू मिसळतात आणि ती फावड्याने उकरून भुसभुशीत ठेवतात. त्यामुळे पडणाऱ्याचे अंग वाचते. नवख्या पोराला वस्ताद एकदम जड मेहनत देत नाही. जोर-बैठकांचा आकडा अंगाला झेपेल तसा वाढवतो. मालीश, खुराक आणि झोप हा मेहनतीचाच भाग मानला जातो. हजारांनी जोर-बैठका मारण्याची ईर्षाही तालमीत होतीच, म्हणून वस्तादाच्या लगामाला मोल होते.

क्रमाक्रमाने वाढ हेच तत्त्व आधुनिक वैद्यकानेही स्वीकारले. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकी लष्करी डॉक्टर थॉमस डिलॉर्म यांनी जखमी सैनिकांचे स्नायू बळकट करण्यासाठी हळूहळू वजन वाढवण्याची पद्धत रूढ केली. आजच्या जिममधले ‘सेट’ तिथूनच रुळले.

नवी मुंबईत मात्र शरीराला किती ताणावे हा प्रश्न व्यायामापेक्षा पोटापाण्याशी अधिक जोडलेला राहिला. 1970 मध्ये हे शहर वसवणाऱ्या सिडकोची स्थापना झाली, तेव्हा इथल्या आगरी-कोळी गावांत भातशेती, मिठागरे आणि मासेमारी यांतूनच अंग कसले जात होते. पुढे मुंबईतले घाऊक बाजार तुर्भे-वाशी परिसरात आले आणि त्यांच्याबरोबर ओझी वाहणारे माथाडी कामगारही आले. त्यांतले बरेचसे सातारा, सांगली, कोल्हापूर या तालमींच्या मुलखातले. कामगार नेते अण्णासाहेब पाटील यांनी त्यांना त्याआधी मुंबईतच संघटित केले होते आणि 1969 मध्ये माथाडी कायदाही झाला होता. त्याच सुमारास, 1967 मध्ये, आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने आरोग्याला धोका पोचेल इतके ओझे कामगाराला वाहायला लावू नये असा करार केला आणि सोबतच्या शिफारशीत प्रौढ पुरुषासाठी 55 किलोंची मर्यादा सुचवली. तुर्भ्याच्या कांदा-बटाटा बाजारात 50 किलोंहून जड गोण्यांविरुद्ध माथाडींनी काम बंद आंदोलने केली. भारी गोणी उचलणे ही मर्दुमकी मानली जाते. माथाडींनी मात्र मणक्याची आणि गुडघ्यांची बाजू घेतली.

वैद्याने सांगितलेली मर्यादा, वस्तादाने बांधलेला क्रम आणि माथाडीने मागितलेले हलके ओझे यांमागचा विचार एकच आहे. जे शरीर राबते, त्याची आधी गय केली तरच त्याचे बळ वर्षानुवर्षे टिकते.