तीन देशांचा खेळाडू : लास्लो कुबाला

फुटबॉलपटूने क्लब कितीही बदलावेत, देश मात्र एकच असावा, हा आज जगभर रूढ झालेला संकेत आहे. आम्ही येथे ज्याची हकिगत सांगणार आहोत तो लास्लो कुबाला या संकेतात बसत नाही. १९४६ ते १९६१ या पंधरा वर्षांत तो तीन देशांच्या राष्ट्रीय संघांतून खेळला. चेकोस्लोव्हाकियाकडून ६ सामने, हंगेरीकडून ३ आणि स्पेनकडून १९. पुढे स्वित्झर्लंड आणि कॅनडा येथेही त्याने क्लबसाठी खेळ केला. अशा माणसाविषयी 'खोबरे तिकडे चांगभले' एवढे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. परंतु त्याच्या आयुष्यातील घटना एकापुढे एक मांडून पाहिल्या म्हणजे निराळेच चित्र दिसू लागते. हा माणूस वैभवाच्या मागे हिंडला त्यापेक्षा अधिक काळ दाराबाहेर उभा राहिला, आणि ज्या दाराने त्याला अखेर आत घेतले, तेथे तो मनापासून राहिला.

कुबालाचा जन्म १० जून १९२७ रोजी हंगेरीची राजधानी बुडापेस्ट येथे एका कष्टकरी कुटुंबात झाला. घरात हंगेरियन आणि स्लोव्हाक या दोन्ही वंशांचा वारसा होता. मध्य युरोपातील सामान्य माणसांचे असेच असते. राज्यांच्या सीमा वरून सरकतात आणि घरातील माणसे आहेत तिथेच राहून दोन-तीन भाषांची होतात. लास्लो हे नाव हंगेरीच्या एका संत राजाचे. स्लोव्हाक भाषेत त्याचेच लादिस्लाव होते आणि स्पॅनिशमध्ये लादिस्लाओ. ही तिन्ही रूपे या एकाच माणसाला लाभणार होती.

गान्झ या कारखान्याच्या संघात तो लहानपणीच खेळू लागला आणि युद्ध संपताच फेरेन्त्सवारोश या नामांकित क्लबात गेला. १९४६ मध्ये तो सीमा ओलांडून ब्रातिस्लाव्हा येथील क्लबात दाखल झाला. हंगेरीतील सक्तीची लष्करी सेवा टाळणे हाही या जाण्यामागे हेतू होता, असे सांगितले जाते. ब्रातिस्लाव्हात प्रशिक्षक फर्दिनान्द दाउचिक यांची बहीण अ‍ॅना व्हिओला हिच्याशी त्याचा विवाह झाला. चेकोस्लोव्हाकियाकडून खेळताना ६ सामन्यांत त्याने ४ गोल केले. १९४८ मध्ये तो पुन्हा बुडापेस्टला आला, वाशाश क्लबात खेळू लागला आणि त्या वर्षी हंगेरीच्या राष्ट्रीय संघातही उतरला. वय अवघे एकवीस.

हंगेरीत तोवर कम्युनिस्ट पक्षाने सत्ता जवळजवळ पूर्णपणे हाती घेतली होती. २६ डिसेंबर १९४८ रोजी कार्डिनल मिंडसेंटी यांना अटक झाली. पुढच्या फेब्रुवारीत त्यांना जन्मठेप सुनावण्यात आली, ती हकिगत आमच्या वाचकांतील वडीलधाऱ्यांना ठाऊक असेलच. या दोन घटनांच्या मधल्या महिन्यात, म्हणजे जानेवारी १९४९ मध्ये, कुबाला एका ट्रकच्या मागील भागात लष्करी गणवेशात दडून ऑस्ट्रियात निसटला. ऑस्ट्रियाच्या अमेरिकन ताब्यातील भागातून तो पुढे इटलीत पोचला. त्याची पत्नी आणि तान्हा मुलगा नंतर त्याला येऊन मिळाले.

येथून त्याच्या दाराबाहेरच्या काळास आरंभ झाला. आपल्याकडे एका शाळेतून दुसऱ्या शाळेत मूल घालायचे तर पहिल्या शाळेचा दाखला लागतो. फुटबॉलमध्येही तसेच आहे. एका देशाच्या महासंघाकडे नोंदलेल्या खेळाडूला दुसऱ्या देशात अधिकृत सामना खेळायचा असेल, तर पहिल्या महासंघाची संमती लागते. हंगेरीच्या महासंघाने संमती तर दिली नाहीच, उलट करार मोडणे, परवानगीवाचून देश सोडणे आणि लष्करी सेवा चुकविणे असे आरोप ठेवून फिफा या जागतिक संघटनेकडे तक्रार केली. फिफाने ती उचलून धरली आणि त्याच्यावर एक वर्षाची बंदी घातली. इटलीच्या प्रो पात्रिया क्लबाला तो हवा होता, पण त्याला अधिकृत सामन्यात उतरविता येत नव्हते. खेळ अंगात होता, वय ऐन उमेदीचे होते आणि मैदानाला कुलूप होते.

याच दिवसांतील एक प्रसंग सांगावयास हवा. इटलीचा विजेता तोरिनो संघ मे १९४९ च्या प्रारंभी लिस्बन येथे बेन्फिका संघाशी स्नेहसामना खेळण्यास निघाला होता. त्या सामन्यासाठी कुबालालाही बोलावणे होते. मुलगा आजारी असल्याने तो गेला नाही, असे त्याच्या जीवनकथेत नोंदलेले आहे. परतीच्या प्रवासात ४ मे रोजी तोरिनोचे विमान तुरीन शहराजवळील सुपेर्गा टेकडीवरील महामंदिराच्या मागील भिंतीवर आदळले. विमानातील ३१ जणांपैकी एकही वाचला नाही. एका तान्ह्या मुलाच्या दुखण्याने बापाचे आयुष्य राखले. याचा अर्थ काय लावावा, हे आम्ही वाचकांच्या श्रद्धेवर सोपवितो.

१९५० च्या आरंभी पूर्व युरोपातून पळून आलेल्या फुटबॉलपटूंनी इटलीत एक संघ उभारला. त्याचे नाव 'हंगेरिया'. प्रशिक्षक होते कुबालाचे मेहुणे दाउचिक. या संघाला देश नव्हता, मैदान नव्हते आणि कोणत्याही स्पर्धेत जागा नव्हती. गावोगाव स्नेहसामने खेळून पोट भरावे आणि कोणीतरी आपणास पाहावे, एवढीच आशा होती. त्या वर्षीच्या उन्हाळ्यात हा संघ स्पेनमध्ये आला. रेआल माद्रिदने कुबालासाठी बोलणी केली, पण बार्सिलोनाचे जोसेप सामितिएर यांनी बाजी मारली. जून १९५० मध्ये कुबाला बार्सिलोनाचा झाला आणि मेहुणे दाउचिक त्याच क्लबाचे प्रशिक्षक झाले. तरीही बंदी आणि कागदपत्रे यांमुळे त्याला कित्येक महिने स्नेहसामन्यांवरच समाधान मानावे लागले. त्याचा पहिला अधिकृत सामना झाला तो एप्रिल १९५१ मध्ये. त्याच वर्षी त्याला स्पेनचे नागरिकत्व मिळाले.

पुढचे यश मात्र झपाट्याने आले. १९५१–५२ च्या हंगामात बार्सिलोनाने लीग, राष्ट्रीय चषक आणि लॅटिन चषक यांसह पाच स्पर्धा जिंकल्या. त्या हंगामात स्पोर्टिंग हिहोनविरुद्ध कुबालाने एकट्याने ७ गोल केले. स्पॅनिश लीगमध्ये एका सामन्यात याहून अधिक गोल कोणालाही करता आलेले नाहीत. आडवा बांधा, मजबूत मांड्या आणि चेंडूवर विलक्षण हुकमत ही त्याची वैशिष्ट्ये होती. फ्री किक मारताना खेळाडूंच्या भिंतीला वळसा घालून चेंडू जाळ्यात घालण्याची त्याची हातोटी पाहण्यास लोक दुरून येत. १९५२ च्या अखेरीस त्याला क्षयाने गाठले आणि त्याचा खेळ संपला असे बोलले जाऊ लागले. परंतु काही महिन्यांच्या विश्रांतीनंतर तो त्याच हंगामात परतला आणि संघाने पुन्हा लीग जिंकली. लेस कोर्त्स हे जुने मैदान प्रेक्षकांना अपुरे पडू लागले होतेच, आता तर ते अगदीच तोकडे झाले. कॅम्प नोऊ या नव्या मैदानाचे उद्‌घाटन २४ सप्टेंबर १९५७ रोजी, बार्सिलोनाची आश्रयदाती दयामाता मरिया हिच्या सणाच्या दिवशी झाले. त्या मैदानाच्या पायात कुबालाच्या खेळाचाही वाटा आहे, असे बार्सिलोनाची माणसे म्हणत आली आहेत.

पण निर्वासिताची गोष्ट त्याच्या एकट्याची राहत नाही. हंगेरीच्या सरकारच्या लेखी तो पळपुटा होता. स्पेनमध्ये जनरल फ्रँकोच्या राजवटीने त्याला कम्युनिझमच्या तावडीतून सुटलेला वीर म्हणून मिरविले. त्याच्या जीवनावर एक चित्रपट १९५५ मध्ये प्रदर्शित झाला आणि त्यात कुबालाने स्वतःच भूमिका केली. येथे एक गोष्ट विसरता येत नाही. याच राजवटीच्या भयाने १९३९ मध्ये लक्षावधी स्पॅनिश माणसे पिरेनीज पर्वत ओलांडून फ्रान्समध्ये निर्वासित झाली होती. बार्सिलोना क्लबाचे अध्यक्ष जोसेप सुन्योल यांना १९३६ मध्ये फ्रँकोच्या सैनिकांनी ठार केले होते. कातालान भाषेला सार्वजनिक जीवनात थारा उरला नव्हता. ज्या राज्याने आपल्याच माणसांना देशोधडीस लावले, त्याने परक्या निर्वासिताचे स्वागत केले. निर्वासिताला आश्रय मिळतो तेव्हा आश्रयदात्याचा हिशेबही तपासावा लागतो, हे या उदाहरणावरून ध्यानात येते. कुबालाला त्या स्वागतातील राजकारण समजत नसेल असे आम्हांस वाटत नाही, पण बायकामुलांसह रस्त्यावर असलेल्या माणसाला दार निवडण्याची मुभा फारशी नसते.

नागरिकत्व मिळाले, तरी जुन्या कागदांनी पाठ सोडली नाही. १९५४ च्या विश्वचषकासाठी स्पेन आणि तुर्कस्तान यांच्यात पात्रता सामने झाले. माद्रिदमध्ये स्पेन ४–१ ने जिंकला आणि इस्तंबूलमध्ये तुर्कस्तान १–० ने. गोलांची बेरीज तेव्हा धरली जात नसे, म्हणून १७ मार्च १९५४ रोजी रोम येथे तिसरा सामना ठेवण्यात आला. सामन्यापूर्वी फिफाच्या नावाने एक तार आली. कुबालाच्या पात्रतेविषयी तीत इशारा होता आणि तो वाचून स्पेनने त्याला बाहेर बसविले. सामना २–२ असा बरोबरीत सुटला. मग डोळे बांधलेल्या एका इटालियन मुलाकडून चिठ्ठी काढविण्यात आली. चिठ्ठी तुर्कस्तानची निघाली. त्या उन्हाळ्यात कुबालाची मायभूमी हंगेरी अंतिम सामन्यापर्यंत पोचली. तो तेथेच राहिला असता, तर कदाचित त्या विख्यात संघात असता. १९५८ सालीही स्पेन पात्र ठरला नाही. तीन देशांकडून खेळलेला हा माणूस विश्वचषकाच्या अंतिम फेरीत खेळाडू म्हणून एकदाही उतरला नाही. भटकंतीची किंमत ती हीच.

१९५६ मध्ये हंगेरीत उठाव झाला आणि सोव्हिएत रणगाड्यांनी तो चिरडला. होनव्हेद संघ त्या वेळी परदेशी होता. त्यातील पुश्काश, कोचिश आणि चिबोर यांनी परत न जाण्याचे ठरविले. त्यांच्यावरही बंदी आली. पुश्काश माद्रिदला गेला, पण कोचिश आणि चिबोर १९५८ मध्ये बार्सिलोनात आले, ते कुबालाच्या शब्दावर. आठ वर्षांपूर्वी जो दाराबाहेर होता, त्याने आता दार उघडून धरले. ३१ मे १९६१ रोजी बर्न येथे हे तिघे युरोपीय चषकाच्या अंतिम सामन्यात बेन्फिकाविरुद्ध एकत्र खेळले. कोचिश आणि चिबोर यांनी गोल केले, कुबालाचा फटका खांबाला लागून परतला आणि बार्सिलोना २–३ ने हरले. १९५४ चा विश्वचषक हंगेरीने याच मैदानावर, याच फरकाने गमावला होता. आणि बेन्फिकाचे प्रशिक्षक बेला गुट्टमान हे देखील बुडापेस्टमध्ये जन्मलेले आणि देशोदेशी हिंडलेलेच होते.

यानंतर कुबालाने बार्सिलोनाचे प्रशिक्षकपद सांभाळले. मग एस्पान्योलमध्ये तो पुन्हा खेळाडू म्हणून उतरला, पुढे झ्युरिकला आणि १९६७ मध्ये टोरोंटोला गेला. तेथे मेहुणा दाउचिक आणि मुलगा ब्रान्को हेही त्याच्यासोबत होते. १९६९ ते १९८० अशी अकरा वर्षे तो स्पेनच्या राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक होता. बारा वर्षांच्या खंडानंतर स्पेन १९७८ च्या विश्वचषकात पोचला तो त्याच्याच हाताखाली. संघ पहिल्याच फेरीत बाद झाला, पण जो चषक खेळाडू म्हणून त्याला दिसला नाही, त्याच्या मैदानावर तो पन्नाशीत का होईना उभा राहिला. पुढे सौदी अरेबिया आणि पॅराग्वे यांच्या संघांनाही त्याने शिकविले.

कुबालाचा निवाडा करताना दुसरी बाजू आम्ही झाकणार नाही. त्याने वाशाशशी केलेला करार मोडला, हे खरे. त्या क्लबाच्या तक्रारीत तथ्य होते. लष्करी सेवेविषयीचा आक्षेपही केवळ रचलेला नव्हता. परंतु जे राज्य बाहेर जाण्याची सनदशीर वाटच ठेवीत नाही, त्याने 'परवानगी घेतली नाही' म्हणून दोष द्यावा, यात न्याय किती? खेळाडूचा करार हा नोकरीचा करार असतो. माणसाची मालकी त्यात लिहून दिलेली नसते. ही साधी गोष्ट युरोपीय न्यायालयाने बोस्मान खटल्यात १९९५ च्या डिसेंबरात मान्य केली आणि करार संपलेल्या खेळाडूसाठी मोबदला मागण्याचा क्लबांचा हक्क संपुष्टात आणला. राष्ट्रीय संघांच्या बाबतीत मात्र फिफाने १९६२ च्या विश्वचषकानंतर नियम कडक केले. तीन देशांकडून खेळण्याची कुबालाची कथा त्यामुळे पुन्हा घडणे कठीण झाले.

आमच्या घराघरांतून माणसे पोटासाठी दूरदेशी गेलेली आहेत. शिक्का, परवाना, मुदत या शब्दांचे वजन त्यांच्या आयांना आणि बायकांना समजावून सांगावे लागत नाही. माणूस कितींदा घर बदलतो यावरून त्याची निष्ठा मोजू नये. ज्यांनी त्याला घरात घेतले त्यांचे त्याने काय केले आणि आपल्यामागून आलेल्यांना त्याने कसे वागविले, यावरून ती मोजावी, असे आम्हांस वाटते. या मापाने कुबाला कमी पडत नाही.

१७ मे २००२ रोजी बार्सिलोनात त्याचे निधन झाले. त्यापूर्वी, १९९९ साली क्लबाच्या शताब्दीनिमित्त घेतलेल्या कौलात चाहत्यांनी त्याला आपला सर्वश्रेष्ठ खेळाडू ठरविले होते. कॅम्प नोऊबाहेर २००९ मध्ये त्याचा पुतळा उभारण्यात आला. ज्याला एकेकाळी मैदानात पाऊल टाकण्याची संमती मिळत नव्हती, त्याचाच पुतळा अखेर मैदानाच्या दाराशी उभा राहिला.