बोगनवेल : खत व बहराची निगा (महाड–पोलादपूर)

निक्टॅजिनेसी कुलातील काटेरी आरोही वेल. मूळस्थान दक्षिण अमेरिका. फिलिबेर कोमेर्सों या फ्रेंच वनस्पतिज्ञाने १७६७ मध्ये रिओ दि जानेरो येथे तिचे नमुने गोळा केले. व्यवहारात ज्यांना फुले म्हणतात ती रंगीत सहपत्रे होत. खरी फुले पिवळट-पांढरी, नळीसारखी व क्षुद्र असून प्रत्येक एकेका सहपत्राच्या मध्यशिरेस जडलेले असते.

खत : महाड व पोलादपूर तालुक्यांत वर्षाकाठी ३,००० मिमी.हून अधिक पाऊस पडतो व तोही बहुतांशी चार महिन्यांतच. सबब येथे बहराचा प्रश्न खताच्या अभावापेक्षा जमिनीच्या स्वभावाचा व वेळेचा आहे. डोंगरउतारावरील तांबड्या वरकस जमिनीची आम्लता वेलीस मानवते (सामू ५.५ ते ६.५ उत्तम), परंतु त्याच मातीतील लोह व ॲल्युमिनियम यांची संयुगे स्फुरद जखडून ठेवीत असल्यामुळे वर फेकलेले सुपर फॉस्फेट मुळांच्या वाट्यास फारसे येत नाही. हाडांचे चूर्ण मात्र आम्लतेत सावकाश विरघळते. ते शेणखतात कालवून मुळांलगत पुरावे. चुलीतील राखेने पालाश मिळते खरे, तथापि ती सढळ हाताने टाकल्यास आम्लता घटून लोह दुर्मिळ होते, आणि कोवळ्या पानांच्या शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडतो. आषाढात दिलेले नत्र पाण्याबरोबर निघून जाते. आश्विनात दिलेले पानांत जाते. जिल्ह्यात थळ येथे युरियाचा मोठा कारखाना आहे, आणि या वेलीस सर्वांत कमी हवे ते खत नेमके हेच. सावित्री-गांधारीकाठच्या गाळवट जमिनीत वेल नुसती माजते. तेथे कुंडी बरी. बारा इंची कुंडीस १०:२६:२६ मिश्रखत चहाचा एक चमचा, महिन्याने एकदा, पुरे.

छाटणी व पाणी : काटा व फुलोरा ही पानाच्या बगलेतील एकाच अंकुराची दोन रूपे होत, नत्र व पाणी मुबलक आणि ऊन अपुरे असता काट्याकडे कल होतो. फुलोरा नव्या फुटीवर येत असल्याने पाऊस ओसरताच हलकी छाटणी करून, पाने किंचित मलूल होईतो पाणी तोडावे. दिवस लहान होऊ लागले की बहर धरतो. वैशाखानंतरच्या दुसऱ्या, कडक छाटणीविषयी मतभेद आहेत.

अभिवृद्धी : छाटकलमाने, गुटीनेही.

रोग : पाणी तुंबल्यास मूळकूज.