मुलाखतीला जाण्याआधी: आपल्या मुलामुलींसाठी काही कामाच्या गोष्टी

लेखी परीक्षा पास झाली, आता मुलाखत, आणि घरात सगळे दुआ करत बसलेत. हे चित्र जठारपेठेत, आपल्या अकोल्यात काही नवे नाही. दुआ हवीच, पण तयारीशिवाय दुआच्या भरवशावर बसणे बरोबर नाही.

पहिली गोष्ट म्हणजे मुलाखत सगळीकडे नसते. केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६ पासून गट 'क' आणि गट 'ब'च्या अराजपत्रित पदांची मुलाखत बंद केली. बँकेत क्लार्कला मुलाखत नाही. आयबीपीएसच्या पीओ पदाला आहे, १०० गुणांची. त्यात ४० टक्के मिळवावे लागतात, राखीव प्रवर्गाला ३५. अंतिम यादीत मुख्य परीक्षा आणि मुलाखतीचे वजन ८०:२० असते. एमपीएससी राज्यसेवेच्या नव्या पद्धतीत २०२५ पैकी २७५ गुण मुलाखतीचे आहेत. शिक्षक भरतीत जिल्हा परिषद मुलाखत घेत नाही, खासगी अनुदानित संस्थांना मात्र पवित्र पोर्टलवर मुलाखतीसह आणि मुलाखतीशिवाय असे दोन्ही पर्याय असतात.

हे माहीत असले म्हणजे फसवणूक टळते. ज्या पदाला मुलाखतच नाही, तिथे 'साहेबांशी बोलून मुलाखत सेट करून देतो' म्हणणारा दलाल भेटला तर चहा न पिता उठा. नोकरीसाठी लाच मागितली गेली तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा टोल-फ्री क्रमांक आहे. अम्मीचे दागिने मोडून मिळवलेल्या नोकरीत बरकत कुठून येणार?

आता कागदपत्रे. आपल्याकडे सगळ्यात जास्त घोळ नावाचा होतो. टीसीवर 'मो. इरफान शे. रहीम', आधारवर 'मोहम्मद इरफान शेख रहीम', मार्कशीटवर तिसरेच काही. अधिकाऱ्याला ही तीन माणसे वाटतात. दहावीच्या प्रमाणपत्रावरचे नाव पक्के धरा, आधार आणि पॅन त्याप्रमाणे दुरुस्त करा. नावच बदलायचे असेल तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात प्रसिद्ध करावे लागते आणि त्याला वेळ लागतो, म्हणून कॉल लेटरची वाट पाहू नका. बागवान, मोमीन, मणियार, तांबोळी अशा ओबीसी बिरादरीतल्या मुलांनी जात पडताळणी आणि नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्राची मुदतही तपासावी. मुदत संपलेल्या एका कागदापायी चांगली मुले खुल्या प्रवर्गात फेकली जातात.

भाषेचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. उर्दू माध्यमाच्या मुलांना येत नाही असे नाही, पण जीभ वळत नाही. उर्दूत 'ळ' नाही, त्यामुळे 'वेळ'चा 'वेल' होतो आणि 'काळ'चा 'काल', अर्थच बदलतो. उर्दूत नपुंसकलिंगही नाही. किताब स्त्रीलिंगी, म्हणून तोंडातून 'माझी पुस्तक' निघून जाते. उपाय साधा आहे: रोज मराठी पेपरची एक बातमी मोठ्याने वाचा आणि मग पेपर बाजूला ठेवून तीच बातमी आपल्या शब्दांत घरच्यांना सांगा. मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐका. पहिले आठ दिवस स्वतःचा आवाज ऐकून लाज वाटेल, वाटू द्या. आणि एक करा, उर्दू लपवू नका. आम्हाला दोन भाषा येतात, दोन समाजांशी बोलता येते, ही शिक्षकासाठी काय आणि अधिकाऱ्यासाठी काय, मोठी लायकी आहे.

शिक्षकाच्या मुलाखतीत नमुना पाठ घ्यायला सांगतात. दहा मिनिटांत अख्खा धडा उरकू नका. एकच मुद्दा घ्या, फळ्यावर नीट लिहा, समोरच्यांना विद्यार्थी समजून प्रश्न विचारा.

मजहबवर प्रश्न आला तर? जालना जिल्ह्यातले अन्सार शेख, रिक्षाचालकाचे चिरंजीव, यूपीएससीच्या २०१५ च्या परीक्षेत ३६१ व्या क्रमांकाने पास झाले, तेव्हा वय होते अवघे २१. मुलाखतीत त्यांना शिया की सुन्नी असे विचारले गेले. आपण भारतीय मुसलमान आहोत, असे त्यांनी सांगितल्याचे तेव्हा वृत्तपत्रांत आले होते. चिडले नाहीत, की माफी मागितल्यासारखे बोलले नाहीत. असा प्रश्न आला म्हणजे पॅनल विरोधात आहे असे लगेच धरू नका. बऱ्याचदा ते तुमचा तोल पाहत असतात.

मुलींना हिजाबची काळजी असते. नीट पिन केलेला, साधा, एकरंगी असावा. सारखा हाताने सावरावा लागला तर लक्ष तिकडेच जाते. परक्या पुरुषाशी हात मिळवायचा नसेल तर छातीवर हात ठेवून हसतमुखाने 'नमस्कार सर' म्हणा, कुणी वाईट मानत नाही. मुलांनी दाढी ठेवायची तर विंचरलेली असावी. मुलाखत जुम्याच्या दिवशी दुपारी आली तर जवळची मशीद आणि जमातची वेळ आदल्या दिवशीच विचारून ठेवा.

अमरावतीला मुलाखत असेल तर मुंबई-हावडा मार्गावरच्या बहुतेक गाड्या बडनेऱ्यालाच सोडतात. तिथून शहर दहाएक किलोमीटर, ऑटोचा वेळ धरूनच निघा. मूळ कागद एका फाइलमध्ये, झेरॉक्सचे दोन संच दुसरीत, आणि मूळ कागद पावती घेतल्याशिवाय कुणाच्या हातात सोडू नका.